सायलेन्सरचा चटका : गाडीचा सायलेन्सर किती तापतो आणि भाजल्यास काय करावे

थोडक्यात महत्त्वाचे

• गाडी बंद केल्यानंतरही सायलेन्सर बराच वेळ तापलेला असतो. निदान अर्धा ते पाऊण तास तो गरमच आहे असे समजा.
• चटका बसताच भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ लावू नका.
• टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, चुना, कणीक यांपैकी काहीही लावू नका. फोड फोडू नका.
• जखम पांढरट, राखाडी किंवा काळपट असेल आणि दुखत नसेल तर ती खोल आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
• लहान मूल, मधुमेही व्यक्ती, गरोदर स्त्री किंवा गाडी अंगावर पडलेला रुग्ण असेल तर जखम लहान दिसली तरी दवाखान्यात जा.
• दोन आठवड्यांत भरून न आलेली जखम घरी सांभाळत बसू नका.

हा विषय महत्त्वाचा का आहे?

मोटारसायकल किंवा स्कूटर नाही असे घर आता शोधावे लागेल. त्यामुळे पोटरीवर सायलेन्सरचा जुना काळा डाग असलेली माणसेही घरोघरी सापडतात. बहुतेकांना हा किरकोळ अपघात वाटतो. 'जरासा चटका बसला, होईल बरा' असे म्हणून मलम लावले जाते. बरेचदा तो बराही होतो. पण तापलेल्या धातूचा चटका आकाराने लहान आणि खोलीने मोठा असू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसते. पाच रुपयांच्या नाण्याएवढी जखम महिना-दीड महिना भरत नाही, पू धरते, आणि शेवटी त्वचारोपणाची वेळ येते, असे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. यातले बरेचसे नुकसान पहिल्या अर्ध्या तासातल्या योग्य उपचाराने कमी करता येते.

सायलेन्सर एवढा का तापतो?

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा तयार होणारी उष्णता सगळीच चाक फिरवण्यासाठी वापरली जात नाही. तिचा मोठा भाग, ढोबळमानाने एक तृतीयांश, धुराबरोबर बाहेर पडतो. हा धूर इंजिनातून निघताना खूपच तापलेला असतो. गाडी जागेवर चालू असताना त्याचे तापमान साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअस असते. चढावर, जास्त वजन घेऊन किंवा वेगात जाताना ते ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाऊ शकते.

हा धूर ज्या नळीतून जातो ती नळी अर्थातच तापते. सर्वात जास्त तापतो तो इंजिनाला जोडलेला वाकडा पाइप. त्याचा बाहेरचा पृष्ठभाग २०० ते ४०० अंशांपर्यंत तापू शकतो. नव्या गाडीचा हा पाइप काही महिन्यांत सोनेरी-निळसर दिसू लागतो, ती झाक उष्णतेमुळेच येते. त्यापुढच्या सायलेन्सरच्या नळकांड्याचे बाहेरचे तापमान याहून कमी, पण बहुधा १०० ते २५० अंशांच्या दरम्यान असते. गाडीचा प्रकार, वेग, वजन, ट्रॅफिक आणि हवा यांप्रमाणे हे आकडे बदलतात. पण चालून आलेल्या गाडीचा उघडा सायलेन्सर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त गरम असू शकतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. धूर स्वच्छ करण्यासाठी धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा भाग असतो. तो साधारण २५० ते ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट कामच करत नाही. म्हणजे धुराच्या नळीतली उष्णता हा गाडीतला बिघाड नाही, ती तिची गरज आहे. आपल्याला फक्त त्वचा तिच्यापासून लांब ठेवायची आहे.

तापलेला सायलेन्सर दिसून येत नाही

चुलीतला निखारा लाल दिसतो, म्हणून आपण हात मागे घेतो. सायलेन्सर तशी सूचना देत नाही. लोखंड डोळ्यांना अंधुक लाल दिसू लागायला ते साधारण ५०० अंशांच्या वर तापावे लागते. २०० अंशांचा सायलेन्सर आणि थंड सायलेन्सर दिसायला अगदी सारखेच असतात. इंजिन बंद असते, आवाज नसतो, धूर नसतो. त्यामुळे मोठी माणसेही फसतात, लहान मुलांचे तर विचारायलाच नको.

शाळा सुटायची वेळ, आठवडी बाजार, लग्नाचे कार्यालय किंवा देवळाबाहेरचे पार्किंग डोळ्यांसमोर आणा. गाड्या नुकत्याच येऊन थांबलेल्या असतात, दाटीने लावलेल्या असतात, आणि त्यांच्या मधून मुले धावत असतात. चटका बसायला याहून सोयीची जागा नाही.

चटका नेमका कसा बसतो?

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकली आणि स्कूटर यांचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. म्हणून सर्वाधिक चटके उजव्या पायाला, गुडघ्याखाली, पोटरीच्या आतल्या बाजूला बसतात. नेहमीचे प्रसंग असे :

• मागे बसलेली व्यक्ती उजव्या बाजूने चढते किंवा उतरते.
• लहान मुलाचे पाय पायटेकूपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे ते सायलेन्सरवर टेकतात.
• दाटीच्या पार्किंगमधून गाडी काढताना शेजारच्या गाडीचा सायलेन्सर लागतो.
• मूल उभ्या गाडीजवळ खेळते, तिच्यावर चढू पाहते, किंवा तोल सावरायला सायलेन्सरला हात लावते.
• गाडी घसरते आणि पाय तिच्याखाली अडकतो. या प्रकारात सर्वात खोल जखमा होतात.
• गॅरेजमध्ये काम करताना, प्लग किंवा चेन पाहताना हात लागतो.

शेतात हाच धोका ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप यांच्या सायलेन्सरचा असतो. दुकानाबाहेर किंवा मांडवात ठेवलेला जनरेटरही असाच तापतो.

त्वचा किती उष्णता सहन करते?

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या : तापमान आणि वेळ. अमेरिकेतील मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ साली यावर केलेला अभ्यास आजही आधार मानला जातो. ४४ अंश तापमानाला त्वचा भाजायला सुमारे ६ तास लागतात. त्यापुढे मात्र तापमान वाढेल तशी वेळ झपाट्याने कमी होते. ६० अंशांना सुमारे ५ सेकंदांत खोल भाजते. ७० अंशांना एक सेकंदही पुरेसा होतो.

आता १५०-२०० अंशांच्या धातूचा विचार करा. पाय मागे घेण्याची आपली प्रतिक्रिया कितीही चपळ असली, तरी तेवढ्या वेळात त्वचेचा वरचा थर जळतो. धातू उष्णता पटकन सोडतो, त्यामुळे नुसता स्पर्शही पुरतो. मुलांची त्वचा पातळ असते, म्हणून त्याच चटक्याने मुलाला मोठ्या माणसापेक्षा खोल जखम होते. पाय गाडीखाली अडकला तर जखम त्वचेखालची चरबी, कधी स्नायूपर्यंतही जाते.

जखमेची खोली कशी ओळखावी?

वरवरची जखम : त्वचा लाल होते, आग होते, फोड येत नाही. ५ ते ७ दिवसांत बरी होते. डाग राहत नाही.

मध्यम जखम : पाणी भरलेला फोड येतो. फोडाखालची त्वचा गुलाबी, ओलसर आणि खूप दुखरी असते. बोटाने हलके दाबल्यास पांढरी होते आणि सोडल्यावर पुन्हा गुलाबी होते. नीट काळजी घेतल्यास १० ते १४ दिवसांत भरते. काही काळ काळसर डाग राहतो.

खोल जखम : रंग पांढरट-गुलाबी, ठिपक्याठिपक्यांचा किंवा गडद लाल असतो. दाबल्यावर रंग बदलत नाही. स्पर्श नीट कळत नाही. भरायला ३ आठवड्यांहून जास्त वेळ लागतो आणि जाड व्रण राहतो.

पूर्ण त्वचा जळलेली जखम : ती पांढरी, तपकिरी किंवा काळी, कोरडी आणि चामड्यासारखी कडक असते. संवेदना वाहून नेणाऱ्या नसाच जळाल्याने तिथे दुखत नाही. अगदी लहान नसेल तर ती आपोआप भरत नाही, शस्त्रक्रिया करावी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'दुखत नाही म्हणजे लागले नाही' हे भाजण्याच्या बाबतीत अगदी उलटे आहे. जे खूप आग करते ते बहुधा वरवरचे असते. जे पांढरे पडले आहे आणि दुखत नाही, तेच जास्त काळजीचे.

दुसरी गोष्ट, जखमेची खोली पहिल्या दिवशी पूर्ण कळत नाही. भाजलेल्या भागाभोवतीच्या पेशी पुढचे २ ते ३ दिवस जगतील की मरतील अशा अवस्थेत असतात. म्हणून आज उथळ वाटलेली जखम तिसऱ्या दिवशी खोल दिसू शकते. फोड आलेली जखम एकदा दाखवली असली तरी ४८ ते ७२ तासांनी पुन्हा तपासून घ्यावी.

प्रथमोपचार : पायरी पायरीने

१. आधी उष्णतेपासून दूर व्हा. गाडी पायावर पडली असेल तर प्रथम चावी बंद करा, मग दोघा-तिघांनी मिळून गाडी उचला. अडकलेला पाय ओढून काढू नका. जवळपास पेट्रोल सांडले असेल तर रुग्णाला लगेच दूर न्या आणि कोणालाही काडी, बिडी, सिगारेट पेटवू देऊ नका.

२. वाहते थंड पाणी, २० मिनिटे. हा सर्वात महत्त्वाचा उपचार आहे. नळाखाली पाय धरा किंवा तांब्याने सावकाश पाणी ओतत राहा. घड्याळ लावा, कारण दोन-तीन मिनिटांत बरे वाटते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. धातू दूर झाला तरी त्वचेत शिरलेली उष्णता आत काम करत राहते, ती बाहेर काढायला एवढा वेळ लागतो. लगेच पाणी मिळाले नाही तरी चटका बसल्यापासून ३ तासांपर्यंत या उपचाराचा उपयोग होतो. म्हणून 'आता उशीर झाला' असे समजून तो टाळू नका.

पाणी कसे असावे? पिण्याच्या पाण्याइतके गार. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी चांगलेच तापलेले असते. ते जखमेवर घेण्याआधी हाताने पाहा. अशा वेळी माठातले पाणी उत्तम. रस्त्यात असाल तर पाण्याची बाटली थोडी थोडी ओता. पाणी अगदीच थोडे असेल तर स्वच्छ फडके भिजवून जखमेवर ठेवा आणि दर दोन मिनिटांनी पुन्हा भिजवा.

३. पैंजण, जोडवी, अंगठी, घड्याळ, घट्ट मोजे आणि बूट काढा. भाजलेल्या भागाला लवकरच सूज येते आणि मग या वस्तू रुततात.

४. कपडा चिकटला असेल तर ओढू नका. लेगिंग, ट्रॅक पँट किंवा रेनकोट यांचे कृत्रिम कापड वितळून त्वचेला चिकटते. त्यावरूनच पाणी ओता. सुटा कपडा तेवढा कापून काढा, चिकटलेला भाग डॉक्टर काढतील.

५. जखम झाका. पाणी घेऊन झाल्यावर स्वच्छ, न चिकटणारे कापड सैल गुंडाळा. स्वयंपाकघरातली अन्न झाकायची पातळ प्लास्टिकची फिल्म असेल तर तिचे पहिले एक-दोन वेढे टाकून द्या आणि पुढचा तुकडा जखमेवर नुसता ठेवा. कापूस लावू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात.

६. वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्या. प्रौढांना ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, गरज पडल्यास ६ तासांनी पुन्हा. मुलांना वजनाप्रमाणे, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त ४ वेळा. यकृताचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

७. पाय उंचावर ठेवा. झोपताना पायाखाली दोन उशा घ्या. सूज आणि ठणका दोन्ही कमी होतात.

काय करू नये आणि का?

बर्फ : बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात. आधीच अर्धमेल्या झालेल्या पेशींचा रक्तपुरवठा त्यामुळे तुटतो आणि जखम आणखी खोल होते.

टूथपेस्ट, शाई, चुना, कॉफी पावडर : यांनी उष्णता आत कोंडते, त्वचा चुरचुरते, आणि जखमेचा खरा रंग दिसत नाही. डॉक्टरांना हे सगळे आधी खरवडून काढावे लागते. ते रुग्णासाठी फार वेदनादायक असते.

तूप, लोणी, तेल, ग्रीस : तेलकट थराने उष्णता बाहेर पडत नाही. गॅरेजमध्ये अजूनही ग्रीस चोळले जाते, त्यात धूळ आणि जंतू असतात.

हळद, कोरफड, मध : घराघरात यांवर विश्वास आहे आणि त्यांचे काही गुण अभ्यासातही दिसले आहेत. पण अभ्यासातले औषध निर्जंतुक केलेले असते. डब्यातली हळद, बरणीतला मध आणि कुंडीतली कोरफड तशी नसते. अखंड त्वचेवर, फोड नसलेल्या लालसर भागावर थंड केल्यानंतर कोरफडीचा गर लावला तर नुकसान नाही. फोडावर किंवा उघड्या जखमेवर मात्र यांतले काही नको.

फोड फोडणे : फोडाची कातडी ही निसर्गाची पट्टी आहे. मोठा, ताणलेला किंवा सांध्यावरचा फोड रिकामा करायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

दवाखान्यात केव्हा जावे?

पुढीलपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी जा :

• जखम रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी आहे. बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का.
• जखम पांढरी, तपकिरी, काळी किंवा बधिर आहे.
• जखम हात, पाऊल, घोटा, गुडघा, चेहरा किंवा जांघ येथे आहे.
• रुग्ण ५ वर्षांखालील मूल, वृद्ध, गरोदर स्त्री किंवा मधुमेही आहे.
• रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत.
• जखमेत माती, ग्रीस किंवा वितळलेले कापड आहे.
• गेल्या ५ वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन झालेले नाही.

गाडी अंगावर पडली असेल, हाड मोडल्याची शंका असेल किंवा पाऊल थंड, निळसर, बधिर झाले असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

नंतरच्या दिवसांत ताप, वाढती सूज, पसरणारी लाली, पू, दुर्गंधी किंवा कमी होऊन पुन्हा वाढलेली वेदना ही जंतुसंसर्गाची लक्षणे समजा.

लहान मुलांच्या पालकांसाठी एक विशेष सूचना. क्वचित, अगदी लहानशा भाजलेल्या जखमेतूनही जंतूंचे विष मुलाच्या रक्तात पसरते. पहिल्या काही दिवसांत मुलाला जोराचा ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा ते मलूल पडले, तर 'जखम तर चांगली दिसते' म्हणून थांबू नका. तातडीने रुग्णालयात न्या आणि चटका बसल्याचे आवर्जून सांगा.

डॉक्टर काय उपचार करतात?

जखम सलाइनने धुतली जाते, मेलेली त्वचा काढली जाते आणि न चिकटणारी पट्टी बांधली जाते. साधी पॅराफिन गॉझ बहुतेक उथळ जखमांना पुरते. काही जखमांना चांदीयुक्त किंवा ओलावा धरून ठेवणारी पट्टी लावतात. पट्टी रोज बदलावीच लागते असे नाही. प्रकारानुसार ती २ ते ५ दिवस ठेवता येते. दर वेळी पट्टी काढताना नवी आलेली त्वचा दुखावते, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेआधी ती उघडून पाहू नका.

सिल्व्हर सल्फाडायझिन हे पांढरे मलम आपल्याकडे सरसकट वापरले जाते. खोल जखमेत त्याचा उपयोग असतो. पण उथळ जखमेत ते भरण्याचा वेग कमी करू शकते आणि त्याच्या पांढऱ्या थरामुळे जखमेची खोली कळत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी, बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रियांनी आणि दोन महिन्यांखालील बाळांसाठी ते वापरू नये. म्हणून ते दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका.

जंतुसंसर्ग नसेल तर प्रतिजैविकाच्या गोळ्यांची गरज नसते. धनुर्वाताची लस मात्र तपासावी. मुलांना ती दीड वर्षाच्या सुमारास, ५-६ वर्षांनी, १० व्या आणि १६ व्या वर्षी मिळते. मोठेपणी बहुतेकांचा डोस राहून गेलेला असतो.

तीन आठवड्यांत भरणार नाही अशी जखम असेल तर मेलेला भाग काढून त्वचारोपण करतात. बहुधा मांडीवरची पातळ त्वचा काढून जखमेवर लावली जाते. शस्त्रक्रियेचे नाव ऐकून घाबरून लोक महिनोन्महिने पट्ट्याच करत बसतात. त्याने व्रण जाड होतो, घोटा किंवा गुडघा आखडतो आणि खर्चही वाढतो. वेळेवर केलेले लहान त्वचारोपण त्यापेक्षा केव्हाही बरे.

पोटरीची जखम इतकी हळू का भरते?

गुडघ्याखालचा रक्तप्रवाह चेहऱ्याच्या किंवा हाताच्या मानाने कमी असतो. दिवसभर पाय खाली लोंबत राहिल्याने सूज येते आणि जखमेपर्यंत प्राणवायू कमी पोहोचतो. शिरा फुगलेल्या असतील तर आणखी उशीर होतो. म्हणून पोटरी भाजलेल्या रुग्णाने चालावे जरूर, पण ताटकळत उभे राहू नये. बसताना पाय स्टुलावर घ्यावा. तंबाखू आणि सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात, निदान जखम भरेपर्यंत तरी त्या पूर्ण बंद ठेवा. आहारात डाळी, कडधान्ये, दूध, अंडी वाढवा. 'जखमेत पू होतो' म्हणून भात, अंडी किंवा वांगी बंद करण्याला काहीही शास्त्रीय आधार नाही.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी

मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या असतील तर चटका बसल्याचे कळतच नाही. घरी आल्यावर पँटला लागलेले पाणी किंवा रक्त पाहून जखमेचा शोध लागतो. तोपर्यंत २० मिनिटे पाणी घेण्याची वेळही टळून गेलेली असते. वाढलेल्या साखरेमुळे जंतू लवकर वाढतात आणि जखम भरत नाही. अशा जखमेतून पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून दुचाकी वापरणाऱ्या मधुमेही व्यक्तीने रोज रात्री पोटऱ्या, घोटे आणि तळवे उजेडात नीट पाहावेत. दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावेत. जखम दिसली तर साखर तपासा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नका.

डाग आणि व्रण

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर भाजल्याचा डाग काळसर पडतो. जखम दोन आठवड्यांच्या आत भरली असेल तर हा डाग बहुधा ६ महिने ते वर्षभरात फिकट होतो. जखम पूर्ण भरल्यानंतर :

• खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीन वेळा हलक्या हाताने चोळा. खाजही कमी होते.
• वर्षभर त्या भागावर ऊन लागू देऊ नका. कपड्याने झाका किंवा सनस्क्रीन लावा.
• व्रण उंच, लाल, कडक होऊ लागला तर सिलिकॉन जेल किंवा पट्टी आणि दाब देणारा मोजा यांचा उपयोग होतो. हे उपचार काही महिने, नियमित करावे लागतात.
• डाग घालवण्यासाठी स्टेरॉइड असलेली किंवा गोरे करणारी क्रीम मनाने वापरू नका.

अनेक वर्षांच्या जुन्या भाजलेल्या व्रणावर पुन्हा जखम झाली आणि ती भरेना, वाढू लागली किंवा तिच्यातून रक्त येऊ लागले, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. क्वचित अशा व्रणात त्वचेचा कर्करोग होतो.

चटका टाळण्यासाठी

• मुलांना एकच नियम शिकवा : गाडीवर चढायचे आणि उतरायचे नेहमी डावीकडून. ज्या गाडीचा सायलेन्सर दुसऱ्या बाजूला आहे तिच्यासाठी नियम त्याप्रमाणे बदला.
• उतरताना आधी मोठ्या माणसाने गाडी स्थिर करावी, मग मुलाने उतरावे.
• पाय पायटेकूपर्यंत पोहोचत नाहीत अशा मुलाला मागे एकटे बसवू नका.
• हाफ पँट, फ्रॉक किंवा लुंगीपेक्षा पूर्ण लांबीची जाड सुती पँट आणि बंद बूट बरे.
• पावसाळ्यात रेनकोटचे टोक आणि लोंबणारी प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरपासून दूर ठेवा.
• सायलेन्सरवरची जाळीदार पट्टी उष्णता अडवण्यासाठी असते. ती निघाली, सैल झाली किंवा दुरुस्तीनंतर बसवायची राहिली तर लगेच बसवून घ्या. शोभेसाठी सायलेन्सर बदलताना ही पट्टी आहे का, ते पाहा.
• घरी गाडी भिंतीला अशी लावा की सायलेन्सर भिंतीकडे राहील आणि मुलांच्या वाटेत येणार नाही.
• डिझेलच्या नव्या मोटारींमध्ये काजळी जाळण्याची क्रिया चालू असते तेव्हा धुराची नळी नेहमीपेक्षा खूप जास्त तापते. अशी गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका आणि मुलांना मागच्या बाजूला बसू देऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चटका बसून दोन तास झाले. आता पाणी घेऊन उपयोग आहे का?
आहे. ३ तासांपर्यंत २० मिनिटे थंड पाणी घ्या.

जखम उघडी ठेवल्याने लवकर वाळते का?
वाळते, पण वाळणे म्हणजे भरणे नव्हे. नवी त्वचा ओलसर आणि झाकलेल्या जखमेवर लवकर येते. शिवाय माश्या आणि धूळ टाळता येते.

आंघोळ करावी का?
करावी. पट्टी असेपर्यंत ती कोरडी ठेवा. पट्टी बदलायच्या दिवशी जखम साबण आणि स्वच्छ पाण्याने हलके धुतली तरी चालते.

मुलगा शाळेत कधी जाऊ शकतो?
वेदना आटोक्यात असतील, पट्टी नीट बसली असेल आणि ताप नसेल तर लगेच. मैदानी खेळ आणि पोहणे जखम पूर्ण भरेपर्यंत बंद ठेवा.

सायलेन्सर गरम आहे का, हे कसे पाहावे?
हात लावून नव्हे. पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र आवाज आला तर तो १०० अंशांच्या वर आहे. आवाज आला नाही तरी तो ७०-८० अंशांवर असू शकतो आणि तेवढ्यानेही भाजते. त्यामुळे नुकत्याच थांबलेल्या गाडीचा सायलेन्सर तापलेलाच आहे असे धरून चाला.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या जखमेबद्दल शंका असल्यास जवळच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.